विद्यापीठातून माहिती फुटली, आता पुढे काय? सोलापूरच्या विद्यार्थी-पालकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षेचा फॉर्म, प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, वसतिगृहाचा अर्ज. पदवी हातात पडेपर्यंत आपण विद्यापीठाला आणि कॉलेजला स्वतःची इतकी माहिती देतो की तेवढी सोयरीक जुळवतानाही कुणी देत नाही. ती बाहेर पडली तर कायदा काय देतो आणि काय देत नाही, ते इथे प्रश्नोत्तरांत मांडलं आहे. कोणत्याही एका संस्थेला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलेलं नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: नुसती माहिती फुटली म्हणून आपल्याकडे सहसा पैसे मिळत नाहीत. त्यातून नुकसान झालं आणि ते तुम्ही कागदावर दाखवू शकलात, तरच दार उघडतं. त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं कागद जमवण्याबद्दल आहेत.

माझी माहिती फुटली आहे हे मला कसं कळणार?

विद्यापीठाचं पत्र येईल आणि मग कळेल, या भरवशावर राहू नका. बहुतेकांना कळतं ते फोनवरून. पलीकडचा माणूस तुमचं पूर्ण नाव घेतो, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) सांगतो, परीक्षा केंद्र सांगतो आणि आईचं नावही बरोबर सांगतो. आपल्या महाराष्ट्रात आईच्या नावाचा रकाना प्रत्येक फॉर्मवर असतो, गुणपत्रिकेवरही असतो, म्हणून ऐकणाऱ्याचा चटकन विश्वास बसतो. मग "तुमची शिष्यवृत्ती अडकली आहे, खातं पडताळायला पाच रुपये भरा" असं म्हणून लिंक येते. पाच रुपये हा नुसता गळ असतो.

कधी कधी मित्रांच्या ग्रुपवर सगळी एक्सेल फाईलच फिरायला लागते. ती उतरवून घेऊ नका आणि "बघा रे, आपली नावं आहेत" म्हणून पुढे तर मुळीच पाठवू नका. हजारो जणांची खासगी माहिती पसरवणाऱ्यांत तुमचंही नाव यायला वेळ लागत नाही. पोस्ट दिसते तशी तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ, लिंक आणि टाकणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. पुराव्यासाठी तेवढं पुरतं.

सगळीच माहिती सारख्या महत्त्वाची असते का?

नाही. व्यवहारातही नाही आणि कायद्यातही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत "संवेदनशील" माहितीची यादी आहे. पासवर्ड, बँक खातं व कार्डाचा तपशील, आरोग्याची माहिती व वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, आणि बोटांचे ठसे वगैरे बायोमेट्रिक्स तीत येतात. मोबाईल नंबर, पत्ता, जन्मतारीख, गुण आणि जातीचा दाखला त्या यादीत नाहीत. जातीचा दाखला नसणं मला आजही खटकतं, पण यादी तशी आहे. म्हणून "माझं काय फुटलं" हे संस्थेकडून लेखी मिळवणं गरजेचं ठरतं. शिष्यवृत्तीसाठी दिलेलं पासबुकचं पान किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र फुटलं असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते.

आज संध्याकाळपर्यंत काय करून टाकू?

आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या चाव्या ईमेलमध्ये असतात. विद्यापीठाच्या पोर्टलवर आणि ईमेलला एकच पासवर्ड असेल (बहुतेकांचा असतोच), तर दोन्ही बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. नंतर आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक लावा. तिथेच आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहास दिसतो, तोही पाहून घ्या. अडलं तर १९४७ वर फोन करा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते कळतं, आणि अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

शेवटी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. चारही एकदम मागवण्यापेक्षा तीन-तीन महिन्यांनी एकेक मागवा, म्हणजे वर्षभर नजर राहते.

खात्यातून पैसे गेले. आता?

हे वाचणं थांबवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तिथेच गोठवता येतात, पण त्यासाठी तास मोजावे लागतात, दिवस नाही. त्यानंतर बँक.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची, अशा व्यवहारात बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर शून्य जबाबदारी. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि मूलभूत बचत खात्यावर ५,००० रुपये तुमच्या माथी येऊ शकतात. सात दिवस उलटले की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळं जातं. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम बँकेने खात्यावर तात्पुरती जमा करायची असते, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. आपल्याकडे नागरी सहकारी बँकांत खाती असणारे पुष्कळ. त्यांच्यासाठीही त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये असंच परिपत्रक निघालं. "आम्ही सहकारी आहोत, आम्हाला ते लागू नाही" असं काउंटरवरून ऐकू आलं तर मान डोलावून घरी येऊ नका.

तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तर गोष्ट बदलते. बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेने दोन दिवस गप्प बसण्यासारखं महाग काही नाही. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

माझ्या नावावर कुणीतरी कर्ज उचललंय. हे कुणाला सांगायचं?

हे उशिरा उघडकीस येतं, आणि येतं तेव्हा नको त्या वेळी येतं. समजा, अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कामगाराची मुलगी बी.कॉम. होऊन शैक्षणिक कर्ज काढायला बँकेत जाते. अधिकारी स्क्रीनकडे बघून विचारतो, "आधीचं थकवलंय ना तुम्ही?" रिपोर्टवर एका कर्ज ॲपचे आठ हजार रुपये, चार महिन्यांची थकबाकी. पॅन तिचं, जन्मतारीख तिची, फोटोही तिचाच, परीक्षेच्या फॉर्मवरचा. फक्त मोबाईल नंबर आणि पैसे जमा झालेलं खातं तिचं नाही.

तिच्या हातातला हुकमी पत्ता म्हणजे हे शेवटचं वाक्य. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी विचारायचं: पैसे कोणत्या खात्यात गेले, केवायसीला कोणता नंबर वापरला, करारावर ई-सही कशी झाली? त्याच दिवशी क्रेडिट कंपनीकडे त्या नोंदीवर हरकत नोंदवायची. तीस दिवसांत निवारण झालं नाही, तर त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पोलीस तक्रारीची प्रत दोन्हीकडे जोडायची. वसुलीवाल्यांच्या धाकाने "एकदाचं भरून टाकू" असं घरातले म्हणतात. भरलंत, की कर्ज आमचंच होतं असं म्हटल्यासारखं होतं. भरू नका.

पोलिसांत तक्रार नेमकी कुठे द्यायची?

शहरात राहत असाल तर सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतलं पोलीस ठाणं किंवा शहराचं सायबर पोलीस ठाणं. पंढरपूर, बार्शी, मोहोळ, अकलूज, करमाळा अशा भागांसाठी ग्रामीण पोलीस अधीक्षकांचं क्षेत्र. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्याही तक्रार नोंदवता येते. तिचा क्रमांक जपून ठेवा.

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. नाकारली तर पोलीस अधीक्षकांना (शहरात आयुक्तालयाला) टपालाने लेखी पाठवा, आणि तरी हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, म्हणून चौकीवरून मोठ्या ठाण्याला पाठवलं तर ते टाळाटाळच असेल असं नाही.

अर्जात कलमं कुठली? ती पोलीस लावतील, पण ठाऊक असावीत. दुसऱ्याची ओळख वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी, तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवलं तर ६६डी. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

विद्यापीठाला काय लिहू? ते तर म्हणतात, "आमच्याकडून काही फुटलेलं नाही."

म्हणणारच. आणि प्रत्येक वेळी खोटंच म्हणतात असंही नाही. आपल्याकडे निम्मे फॉर्म नेट कॅफेत किंवा ऑनलाइन सेंटरवर भरले जातात. सेंटरवाला घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो, आधार, पासबुक, फोटो, सही यांचं स्कॅन त्याच्या डेस्कटॉपवर "नवीन फोल्डर ७" मध्ये वर्षभर पडून राहतं. त्यामुळे गळती कुठून झाली हा खरा प्रश्न असू शकतो. पण एकाच फाईलमध्ये वेगवेगळ्या तालुक्यांतल्या शेकडो मुलांचे पीआरएन आणि आसन क्रमांक ओळीने असतील, तर ती एका सेंटरवाल्याकडची नाही हे कुणालाही कळेल. तक्रारीत हाच मुद्दा मांडा.

पत्र कुलसचिवांच्या नावे, प्रत प्राचार्यांना आणि परीक्षा विभागाला. भाषा साधी ठेवा: "दि. अमुक रोजी माझी पुढील माहिती उघड झाल्याचे मला आढळले. आपल्या ताब्यातील माझी कोणती माहिती उघड झाली, केव्हा झाली, ती कोणत्या बाहेरील कंपनीकडे होती व आपण कोणती उपाययोजना केली, हे मला लेखी कळवावे. संबंधित सर्व्हरच्या नोंदी नष्ट करू नयेत." शेवटचं वाक्य विसरू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संस्थेने अशा घटनेची खबर तिला सहा तासांत द्यायची असते, आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. त्यानंतर "नोंदी उपलब्ध नाहीत" हे उत्तर तयारच असतं. पत्र आवक-जावक विभागात द्या, आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या केबिनमध्ये हातोहात दिलेल्या पत्राला मागमूस उरत नाही.

सध्या शिकत असाल तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडेही अर्ज द्या. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. समिती पैसे देणार नाही, पण तिचा अहवाल पुढे पुरावा म्हणून कामाला येतो.

जुन्या विद्यार्थ्यांसाठी एक टीप. सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. तुमची नोंद आज कुणाकडे आहे ते बघून पत्र पाठवा.

माहिती अधिकाराचा उपयोग होतो का?

सरकारी विद्यापीठ आणि अनुदानित कॉलेजसाठी होतो, आणि चांगला होतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. घटनेची नोंद केव्हा झाली, सर्ट-इनला केव्हा कळवलं, परीक्षेचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारातली सुरक्षेची कलमं, शेवटचं सुरक्षा परीक्षण कोणत्या तारखेला झालं, एवढंच मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर विद्यापीठातच पहिलं अपील, फी वीस रुपये. पुढे राज्य माहिती आयोगाचं पुणे खंडपीठ.

नुकसानभरपाई मिळू शकते का?

इथे नीट लक्ष द्या, कारण कायदा सध्या कूस बदलतोय.

जुना मार्ग माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ चा. संवेदनशील माहिती नीट न सांभाळल्यामुळे कुणाचं नुकसान झालं, तर सांभाळणाऱ्याने भरपाई द्यायची. पाच कोटींपर्यंतचा दावा न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे चालतो. म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव, मुंबईत मंत्रालयात. दिवाणी कोर्टाला या विषयात हात घालता येत नाही. अधिकाऱ्याच्या निर्णयावर दिल्लीच्या दूरसंचार विवाद अपील न्यायाधिकरणाकडे अपील जातं. अडचण कुठे आहे? हे कलम "बॉडी कॉर्पोरेट"ला लागू, आणि त्याची व्याख्या व्यापारी किंवा व्यावसायिक काम करणारी कंपनी, फर्म, मंडळी अशी आहे. सरकारी विद्यापीठ लगेच म्हणतं, आम्ही व्यापार करत नाही. खासगी विद्यापीठाला किंवा संस्थेला हे म्हणणं जड जातं. आणि परीक्षेचं पोर्टल चालवणारी खासगी कंपनी तर सरळ सरळ या व्याख्येत बसते. म्हणून दाव्यात त्या कंपनीला प्रतिवादी करायला विसरू नका. माझ्या मते निम्मी केस तिथेच आहे.

नवा मार्ग म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा संरक्षण मंडळाबाबतच्या तरतुदी लगेच लागू झाल्या, पण संस्थांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. त्यानंतर माहिती फुटली की प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवावं लागेल, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावा लागेल. संवेदनशील आणि साधी असा भेद या कायद्यात नाही, विद्यापीठ आणि कंपनी असाही नाही. तक्रार मात्र आधी संस्थेच्या तक्रार यंत्रणेकडे करायची, मग मंडळाकडे.

गंमत अशी, की हाच कायदा मुख्य तरतुदींसोबत कलम ४३अ रद्द करतो, आणि त्याच्या जागी व्यक्तीला भरपाई देणारं काहीच ठेवत नाही. त्यामुळे ज्यांचं नुकसान आधीच झालंय, त्यांनी "नवा कायदा येतोय, थांबू" असं म्हणत बसू नये.

नव्या कायद्यातल्या २५० कोटींच्या दंडात आमचा वाटा किती?

शून्य. सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत, न कळवल्याबद्दल २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. उलट खोटी किंवा पोकळ तक्रार केलीत तर तुम्हालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ग्राहक आयोगात गेलं तर?

फारशी आशा धरू नका. परीक्षा मंडळ आणि विद्यापीठ ही "सेवा" पुरवणारी नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१० च्या निकालांत म्हटलंय. बँक किंवा कर्ज ॲपविरुद्ध मात्र ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे.

हायकोर्टात जाता येईल का? मुंबईला खेटे घालावे लागतील?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. सरकारी विद्यापीठाविरुद्ध त्या आधारावर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका (हायकोर्टाने संस्थेला आदेश द्यावा म्हणून केलेला अर्ज) करता येते. मागायचं काय, तर फाईल काढून टाकण्याची व्यवस्था, स्वतंत्र चौकशी, बाधितांना लेखी सूचना. पैशांचा तपशीलवार हिशोब रिटमध्ये सहसा होत नाही.

मुंबईचं म्हणाल तर आता नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय आणि त्याच्या अखत्यारीतल्या सहा जिल्ह्यांत सोलापूर आहे.

आम्ही दोनशे जण आहोत. एकत्र लढता येईल?

रिटसाठी एकत्र या. चौकशी आणि सूचना ही सगळ्यांची सारखीच मागणी असते, खर्चही विभागला जातो. भरपाईसाठी मात्र प्रत्येकाचं नुकसान वेगळं असतं, म्हणून अर्ज वेगवेगळे आणि पुरावे समाईक ठेवा. वर्गणी काढणार असाल तर हिशोब लिहून ठेवणारा आधी ठरवा. अशा लढाया विद्यापीठामुळे कमी आणि आपसांतल्या हिशोबामुळे जास्त मोडतात.

मुलीचा फोटो आणि नंबर फुटला, आता कुणीतरी धमक्या देतंय.

बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पोलीस. पैसे देऊ नका, नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट जपून ठेवा. मुलगी अठराच्या आतली असेल आणि प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. १९३० ऐवजी थेट ११२ ला फोन केला तरी चालतो. राष्ट्रीय पोर्टलवर महिला व बालकांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. आणि घरात तिलाच उलटतपासणीला उभं करू नका. तिने फॉर्म भरला होता, एवढंच.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना बँकेची पोच, विद्यापीठाचा आवक क्रमांक, सायबर तक्रारीचा क्रमांक आणि तारखांची एक पानाची यादी न्या. वकील मोफत असला तरी त्याचा वेळ मोफत नसतो.

मुलगा अमेरिकेत शिकतो, तिथल्या विद्यापीठाकडून माहिती फुटल्याचं पत्र आलंय. ते खरं असेल?

असू शकतं. तिकडे असं पत्र पाठवणं राज्यांच्या कायद्यांनी बंधनकारक आहे. पत्रातल्या लिंकवर न जाता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून खात्री करा. सोशल सिक्युरिटी नंबर फुटला असेल तर इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांकडे क्रेडिट फ्रीझ, म्हणजे त्याच्या नावावर नवं कर्ज काढता येऊ नये म्हणून अहवालाला कुलूप, लावायला सांगा. २०१८ पासून ते मोफत आहे. तिकडे सगळ्या बाधितांच्या वतीने एकच सामूहिक दावा चालतो. तडजोड झाली की दाव्याचा फॉर्म येतो आणि त्यावर शेवटची तारीख असते. ती उलटली की हक्क गेला, म्हणून मुलगा शिक्षण संपवून सोलापूरला परतला असला तरी त्याचा जुना ईमेल बंद पडू देऊ नका.